चिहेराबाईंची भाडेकरू

हाझविनेईच्या हातच्या वेण्यांना मुतारे शहरातल्या साकुब्वा वस्तीच्या बाजारात मान होता. लग्नाला निघालेल्या बायका आधी तिच्या स्टुलावर येऊन बसत. त्यामुळे एका सकाळी तिचीच लेक, चार वर्षांची रोपा, अर्ध्या डोक्याला वेण्या आणि अर्धं डोकं पिंजारलेलं अशी बालवाडीला निघाली, तेव्हा अंगण झाडणाऱ्या घरमालकीणबाई बघतच राहिल्या.

"काय गं, उरलेलं डोकं उंदरांनी खाल्लं का?"

"आई मधेच थांबली," रोपा म्हणाली. "भिंतीकडे बघत बसलीय."

घरमालकीणबाईंना सगळे चिहेराबाई म्हणत. ते त्यांचं नाव नव्हे, कुळ. त्या कुळातल्या बायका वेळ पडली तर गावच्या मुखियालाही गप्प बसवतात अशी ख्याती, आणि बाई ती ख्याती मन लावून सांभाळत. त्यांनी रोपाला शेजारणीच्या हवाली केलं, झाडू टाकला आणि दार न वाजवता भाडेकरणीच्या खोलीत शिरल्या.

हाझविनेई खाटेच्या कडेला बसली होती. कंगवा हातात, चूल थंड. नवरा तापफुमा लॉरी घेऊन बेइराच्या बंदराकडे गेलेला.

"ताप आहे?"

"नाही."

"नवऱ्याने हात उचलला?"

"तो कशाला उचलेल?"

"मग?"

"काही नाही, मावशी. नुसता विचार चाललाय."

साकुब्वात असं कुणी म्हणालं की शहाणं माणूस हसण्यावारी नेत नाही. अति विचार हा तिथे आजारच आहे, हिवतापासारखा. चिहेराबाईंच्या धाकट्या बहिणीला त्यानेच नेलं होतं. तरी बाई नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "ऊठ. मला ब्लडप्रेशर तपासायला जायचंय. एकटी गेले आणि वाटेत पडले तर भाडं कोण घेईल?"

बाईंना काही झालेलं नव्हतं, हे हाझविनेईलाही कळत होतं. पण नाही म्हणायला जेवढं बळ लागतं तेवढंही तिच्यात उरलं नव्हतं. ती उठली.

दवाखान्यामागे आंब्याखाली एक बाक होता. तिथे सेकाई आजी बसत. बोलायला आलेल्याचं ऐकून घ्यायचं, हे दवाखान्याने त्यांना रीतसर शिकवलं होतं. बाईंनी हाझविनेईला त्या बाकावर अक्षरशः नेऊन ठेवलं आणि म्हणाल्या, "माझी रांग मोठी आहे. तोवर बस इथे." मग फाटकाजवळच्या शेंगदाणेवालीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

आजींनी घाई केली नाही. उन्हाबद्दल बोलल्या, गुडघ्यांबद्दल बोलल्या. मग सरळ विचारलं, "बाळा, जगू नये असं वाटतं का?"

हाझविनेईने मान खाली घातली. "कधी कधी नदीच्या पुलावर थांबते. मग रोपा हात ओढते."

आजी दचकल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, देवाचं नावही काढलं नाही. त्यांनी तिचा हात हातात घेतला. "सांगितलंस ते बरं केलंस. आज इथून आपण दोघी मिळून नर्सकडे जाऊ. आणि तोवर मी ऐकतेय."

मग तिने सांगितलं, तुटक तुटक, भलत्याच टोकापासून. आई तापाने गेली तेव्हा ती नुकती शाळेत जाऊ लागली होती. बाप दक्षिणेत खाणीवर गेला तो परत आला नाही. रुसापेच्या काका-काकूंनी ठेवून घेतलं. जेवायच्या वेळी तिने दाराबाहेर बसायचं, सगळ्यांचं झालं की हाक यायची. कधी यायचीच नाही. आईला खाल्लंस, आता आमचं घर खाशील, असं काकू म्हणायची. मारही होता. पण माराचं तिला आता काही वाटत नव्हतं. रडू लागली की काकू शांतपणे विचारायची, "कोणासाठी रडतेस? ऐकायला आहे कोण?" ते मात्र अजून कानात होतं.

"आता तर सगळं चांगलं आहे, आजी. नवरा चांगला, लेक चांगली. मग आत्ता का?"

"आधी उभं राहायचं होतं, म्हणून उभी राहिलीस," आजी म्हणाल्या. "आता बसायला जागा मिळाली, तर पाय दुखायला लागले. यात तुझं काय चुकलं?"

नर्सने नीट तपासलं, गोळ्या दिल्या. आजींनी निरोप देताना विचारलं, "काकूचं आज काही करता येणार नाही. पण रोजच्या त्रासातला एक सांग, ज्याचं काही करता येईल."

हाझविनेईने बराच विचार केला. "सकाळ. मला उठवत नाही, आणि रोपाला वेळेवर पोचवायचं असतं."

"कुणाला सांगता येईल?"

आयुष्यात तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. परतीच्या वाटेवर, घर दिसू लागल्यावर कुठे तिच्या तोंडून फुटलं, "मावशी, रोपाला सकाळी तुम्ही... थोडे दिवस..."

चिहेराबाई रस्त्यात थांबल्या. "दोन वर्षं माझ्या अंगणात राहतेस. मला वाटलं, ही गर्विष्ठ आहे. आणि तू मागायला घाबरत होतीस होय? उद्यापासून पोर माझी. वेण्यासुद्धा मीच घालीन."

"वेण्या नको," हाझविनेई पटकन म्हणाली, आणि बाई खो खो हसल्या.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. गोळ्यांनी सुरुवातीला झोपच यायची. मधे ती बाकाकडे फिरकेनाशी झाली, तेव्हा आजी काठी टेकत घरी आल्या, चहा प्यायल्या आणि पुढच्या खेपेचा दिवस ठरवूनच गेल्या. तापफुमा आला तेव्हा त्याला आधी राग आला. "मी काय कमी केलं म्हणून तू परक्यांना घरातलं सांगतेस?" पण पुढच्या खेपेला तोही बाकावर तिच्या शेजारी बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून. शेवटी म्हणाला, "लॉरी चालवताना माझं अर्धं लक्ष हिच्याकडेच असतं, आजी. फोन वाजला की वाटतं, हिचंच काही झालं." त्याला इतकी काळजी वाटत असेल असं हाझविनेईला कधी वाटलंच नव्हतं. त्या दिवशी ती त्याचा हात धरून घरी आली, भर बाजारातून, आणि बाजाराने दोघांना यथेच्छ चिडवलं.

पुढे ती शनिवारच्या मंडळात जाऊ लागली. बाकावर येऊन गेलेल्या बायका शेंगा सोलत बसायच्या आणि बोलायच्या. हाझविनेईने दाराबाहेरच्या जेवणाचं सांगितलं तेव्हा त्यांच्यातली झुझेची आई म्हणाली, "तुला निदान हाक तरी यायची. माझी सावत्र आई शेंगा मोजून द्यायची, आणि वर टरफलं परत मागायची." सगळ्या हसल्या. हसता हसता दोघीतिघींचे डोळे भरले, आणि ते पुसायची कुणी घाई केली नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी रुसापेहून निरोप आला: काकू अंथरुणाला खिळली आहे, हाझविनेईने येऊन सेवा करावी, शेवटी तिला वाढवलं कुणी?

ती शनिवारी मंडळात विचारायला गेली. कुणी म्हणालं जाऊच नको, कुणी म्हणालं थोरल्यांचा शाप लागतो. आजींनी एवढंच विचारलं, "तुला काय करायचंय?"

"भेटायचंय," ती म्हणाली. "राहायचं नाहीये."

"मग तेवढंच कर."

सोबत चिहेराबाई निघाल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

काकू वाळून काटकी झाली होती. हाझविनेई गुडघे टेकून, टाळी वाजवून रीतीप्रमाणे नमस्कार करून बसली. तिला वाटलं होतं छाती धडधडेल, राग येईल. पण समोर होती एक म्हातारी, जिला नीट दिसतही नव्हतं. तिने काकूचे केस विंचरले, हलक्या हाताने साध्या वेण्या घातल्या. माफीचा शब्द निघाला नाही. काकू एवढंच म्हणाली, "जाड झालीस. आता इथेच राहा, काम खूप आहे."

"नाही, काकू. माझं घर आहे मुतारेला. संध्याकाळच्या बसने जाईन."

"मग मला कोण बघणार?"

चिहेराबाई पुढे सरकल्या, पण हाझविनेईने हाताने त्यांना थांबवलं. "तुमच्या मुली आहेत. त्यांना मी फोन करते. पण मी राहणार नाही."

बसमध्ये ती खिडकीला टेकून रडली, चांगली हुंदके देऊन. पुढच्या सीटवरची माणसं वळून पाहू लागली.

"काय बघताय?" चिहेराबाई म्हणाल्या. "रडतेय ती. तुमच्या घरी कुणी रडत नाही?"

मग त्यांनी आपली शाल तिच्या खांद्यांभोवती गुंडाळली आणि तिचं डोकं आपल्याकडे ओढून घेतलं. वाईट सकाळी पुढेही येणार होत्या, हे दोघींनाही ठाऊक होतं. न्याझुराजवळ बस थांबली तेव्हा बाईंनी खिडकीतून रानफळांची टोपली घेतली, विकणाऱ्या बाईशी भांडून वर चार फळं जास्त मिळवली, आणि म्हणाल्या, "रोपाला ठेव. नाहीतर वाटेतच संपवशील. काकू म्हणाली तेवढं खोटं नाही, जरा जाड झालीसच."