रिकामा माग

लेकाने, किशनने, मागाचं बटण दाबलं तेव्हा मालुबाई भाकरी थापत होती. तिचे हात पिठातच थांबले. वडगावच्या या विणकर गल्लीत चाळीस वर्षं काढलेल्या बाईला मागाचा आवाज समजावून सांगावा लागत नाही. आडवा धागा घेऊन धोटा धावत असला की माग भरीव वाजतो. हा पोकळ वाजत होता. साडी सकाळीच उतरली होती, उभ्या धाग्यांचा नवा ताणा चढायचा होता. मग भरदुपारी हा विणत काय होता?

विणत काही नव्हताच. माग सुरू असला की घरातली किंकाळी गल्लीत पोचत नाही, एवढंच त्या बटणाचं काम.

पिठाच्या हातानंच ती मागाच्या खोलीत धावली. किशनने बायकोला, स्वरूपाला, मानेला धरून भिंतीशी दाबलं होतं. दुसऱ्या हातात धोटा होता, दोन्ही टोकांना लोखंड मढवलेला, वीतभराहून लांब लाकडाचा. गुन्हा एवढाच की तिने निपाणीच्या बहिणीला फोनवर सांगितलं होतं, हे हात उचलतात म्हणून. "घरातलं भाईर सांगतीस?" असं म्हणत त्याने धोटा हाणला. स्वरूपाने तोंडापुढे धरलेला हात कोपराखाली वाकडा झाला. मालुबाई किशनच्या दंडाला लोंबकळली, तर त्याने तिला असं झटकलं की ती मागाच्या सांगाड्यावर आपटली आणि कपाळातून रक्त आलं. तो पुन्हा बायकोकडे वळला.

सोडवणं आपल्या आवाक्यातलं नाही हे तिला कळलं. ती भिंतीला धरून उठली आणि तिने मेन स्विच खाली ओढला.

माग थांबला. पुढचा फटका सगळ्या गल्लीने ऐकला, आणि त्यामागून स्वरूपाचं ओरडणंही.

सगळ्यात आधी शेजारची दुर्गाबाई आली, तिच्यामागून चार-पाच बायका. किशनने धोटा मागावर ठेवला आणि घाम पुसत, चालत्या मागातून धोटा उडाला म्हणून सांगितलं. बायकांनी स्वरूपाकडे पाहिलं. ती मोडका हात छातीशी धरून खाली बसली होती.

"व्हय," ती म्हणाली. "धोटा उडून लागला."

ते वाक्य मालुबाईचं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी डावा डोळा गेला तेव्हा दवाखान्यात तिने हेच सांगितलं होतं. लेकाला हेच सांगितलं. लग्न होऊन आलेल्या या पोरीलाही, मागाजवळ जपून राहा गं, म्हणून तिनेच ही गोष्ट ऐकवली होती. तिचा नवरा सुबराव गल्लीत देवमाणूस म्हणून गेला. त्याच्या फोटोला ती रोज हार घालायची. आता खरं बोलायचं म्हणजे तो देवमाणूस चव्हाट्यावर आणायचा, आणि जेवायचं तर याच लेकाच्या घरात. तिला भीती वाटली. चांगलीच वाटली. पण पोरीचा हात डोळ्यांसमोर सुजत होता.

"माझा डोळा धोट्यानं न्हाय गेला," ती म्हणाली. "मालकांनी फोडला. मी म्हायेरला चिठ्ठी धाडलती, मारत्यात म्हणून. ती त्यांच्या हातात घावली. माग चालू केला नि ह्याच भिंतीशी मला धरलं."

"आई, गप बस," किशन पुढे आला. "मेलेल्या माणसावर आळ घेतीस व्हय?"

"तुला रिकामा माग चालू करायला कुणी शिकिवलं रं? मी तर तुला ह्यातलं कवा काय बोलले न्हाय."

किशनने आधी त्या भिंतीकडे पाहिलं, मग मागाच्या बटणाकडे. म्हणजे त्याला लहानपणापासून सगळं ठाऊक होतं. आपण सव्वीस वर्षं त्याच्यापासून लपवलं असं ती समजत होती आणि तो मात्र त्यातूनच शिकला होता.

दुर्गाबाई पुढे आली.

"आमाला म्हाईत होतं, मालू," ती हळू म्हणाली. "रिकामा माग ह्या गल्लीत कुणाला कळत न्हाय? आमचा बी दुपारचा तसाच वाजायचा. तुला ऐकू येत असंल की."

ऐकू येत होतं. मालुबाईने मान हलवली. दुर्गाबाईचा माग तसा वाजायचा तेव्हा ती आपल्या घरी सुताच्या कांड्या भरत बसायची, मान वर न करता.

कुणीतरी दवाखान्यासाठी रिक्षाला फोन केला. दुर्गाबाई उंबऱ्यावर बसली, तशा बाकीच्याही दाराशी दाटीवाटीने बसल्या. मालुबाईने पदर फाडून सुनेचा हात गळ्यात बांधला आणि म्हणाली, "रिक्षा येईस्तोवर सांग. पयल्यापासनं सांग."

स्वरूपा आधी नुसती रडली. मग सांगू लागली. लग्नानंतरचा चौथा आठवडा, जेवणाला झालेला उशीर, पाठीवरचा पट्टा, पोट पाडणारी लाथ. ते ऐकताना एका बाईने तोंडावर पदर घेतला.

किशनला बाहेर जायचं होतं. तो दाराशी आला आणि म्हणाला, "सरका."

एकही बाई उठली नाही. स्वरूपा क्षणभर थांबली होती, दुर्गाबाई तिला म्हणाली, "फुडं सांग गं." आणि किशन तिथंच, उंबऱ्याच्या आत, ऐकत उभा राहिला.