माडाखालचा घोडा

२०१९ साली माझे यजमान दिनानाथ वडिलांच्या ठासणीच्या बंदुकीची शोभेची प्रतिकृती घडवत होते. मूळ बंदुकीचा घोडा पन्नास वर्षांपूर्वी हरवला होता. पुतण्या देवेशच्या धातुशोधक यंत्रामुळे तो नंदाखाल गावातल्या आमच्याच वाडीत, माडाखाली सापडला.

"म्हणजे लडकूनं चोरला नव्हता! बाबांनी उगाच त्याला कामावरून काढलं," यजमान म्हणाले.

"मीच पुरला होता," मी म्हणाले. " मामंजी वटवाघळांवर बार काढत आणि आपली तान्ही राधिका दचकून रडरड रडे."

"आणि इतकी वर्षं गप्प राहिलीस?"

मी तडक कामणला लडकूच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं.

"वैनी, तुमाला पुरताना पायलं होतं मी," तो हसला. "पोर झोपली ना मग?"

दोन वर्षांनी लडकू गेला, मग यजमानही. राधिका आजी झाली. देवेशचं यंत्र माळ्यावर पडून आहे. यजमानांनी घडवलेली बंदूक भिंतीवर आहे, पण तिला तो सापडलेला घोडा यजमानांनी शेवटपर्यंत बसवला नाही.