काशीरामच्या झाडावरची वेणू

कमलाकरच्या मुलीने, मनस्वीने, इंटरनेटवर आमच्या घराण्याच्या वंशावळीचं झाड काढलं आणि लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. कोणीही उघडा, भर घाला, चुका सुधारा. झालं, ज्याला त्याला स्फुरण चढलं. उरणचे चुलते तर थेट खापरपणजोबांपर्यंत जाऊन पोचले.

मीही हौसेने त्या झाडावर माझ्या आईच्या नावाची चौकट केली. वेणू काशीराम. माझ्या बाळंतपणातच ती गेली. तिचा फोटो नाही, लुगड्याचा तुकडा नाही. म्हटलं, निदान इथे तरी तिला स्वतःची जागा असू दे.

दुसऱ्या दिवशी बघते तर चौकट गायब.

त्याचं असं झालं. आईमागे वडिलांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. आमच्याकडे नवरीचं नाव बदलतात, आणि मेलेली सवत पीडू नये म्हणून आजीने नव्या सुनेचंही नाव वेणूच ठेवलं. त्या वेबसाइटला एका काशीरामच्या दोन वेणू दिसल्या. तिने विचारलं, या दोघी एकच का? आमच्यातल्या कोणा दीडशहाण्याने 'हो' दाबलं. मग मेलेल्या बाईला पुढे मुलगे कसे झाले, म्हणून यंत्र अडलं. तर यांनी काय करावं? माझ्या आईचं मरणच पुसून टाकलं. वर धाकट्या आयचा, म्हणजे माझ्या सावत्र आईचा, फोटो चिकटवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कमलाकरला, माझ्या सावत्र भावाला, फोन केला. तो थंडपणे म्हणाला की ताई, आई ती आई, एक काय नि दोन काय. सगळ्या कागदांवर वेणूच लागलंय, वेगळं काही दिसलं की लोक नको ते विचारतात. मी पुन्हा चौकट केली. त्याने ती पुन्हा मिटवली. मी भांडले, तर माझी बदल करायची परवानगीच काढून घेतली. साठी उलटलेल्या बाईला घरच्या झाडावरून हाकललं मेल्यांनी.

तडक रिक्षा केली आणि सुकापूरला धाकट्या आयकडे गेले. तिनेच पोराला दटावावं, असं मनात होतं. जन्मभर माझ्या आईचं सगळं वापरलंस, आता तिचं मरणही घेतलंस, असं तिच्या तोंडावर म्हटलं.

ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. रागावली नाही.

"बाय, तुझ्या आयचं नाव मी मागाया गेले नव्हते," ती म्हणाली. "नाव तिचं, डोरलं तिचं, नवरा तिचा. माझं काय हाय? मी सुरंगी. कोनाला ठावं बी नाय."

मलाही ठाऊक नव्हतं. मला तिच्यासाठी रडू आलं.

तिथूनच कमलाकरला फोन लावला. सांगितलं, या दोन वेगळ्या बाया आहेत, एक वेणू, एक सुरंगी, दोघींना आपापली चौकट दे.

"आईला या वयात काय कळतंय? तू उगाच घोळ घालू नकोस," म्हणाला आणि फोन ठेवला.

धाकट्या आयला त्याचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. तिला वाटलं, काम झालं. ते झाड बघायला तिने मोबाईल मागितला, मी उघडून दिलं. तिला अक्षरओळख नाही, पण स्वतःचा फोटो तिने ओळखला आणि त्याच्या खालच्या नावावर बोट ठेवलं.

"इथं सुरंगी लिवलंय ना गो?"

तिथे माझ्या आईचं नाव होतं.

"हो, आय," मी म्हटलं.