केमोआधीची मुदत

अकोल्याच्या जठारपेठेत कोणाकडे कोण आलं, किती दिवस राहिलं आणि काय लपवून गेलं, याची टिपणं विमलबाईंच्या डोक्यात पक्की असत. त्यामुळे अमरावतीची भाची आचल दोन आठवडे मुक्कामाला येणार म्हटल्यावर बाकीच्यांच्या डोक्यात काय टिपलं जाईल, तेही त्यांना आधीच दिसलं.

आचल चोवीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं. मानेतली गाठ लिम्फोमाची, म्हणजे कॅन्सरची निघाली. डॉक्टर म्हणाले, बरी होशील. पण केमोनं पुढं मूल होणं अवघड जाऊ शकतं. आधी स्त्रीबीजं काढून गोठवायची, तर दोन आठवडे थांबता येईल. त्यापुढे एक दिवस नाही.

"आधी जीव वाचव," बाप म्हणाला.

"बाबा, डॉक्टर दोन्ही देऊन राहिले, तुमी एकच काहून घेता?" एवढं बोलून तिनं अकोल्याची एसटी धरली. आत्याचं घर तिथल्या वंध्यत्वाच्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर होतं आणि बीजं वाढवायची सुई रोजच घ्यायची होती.

पहिल्याच सकाळी विमलबाईंनी तिच्यापुढे काळ्या मण्यांची पोत धरली. "हे घाल. तिथं आर्धी जठारपेठ बसून राहाते. कुवारी पोरगी काहून आली, इचारतीन."

"इचारू दे ना."

"तुले अमरावतीले जायचं हाय. मले इथंच राहाचं हाय."

आचलनं घातली. जिच्या घरी जेवायचं, तिच्याशी पहिल्या दिवशी कुठं भांडायचं.

दवाखान्यातल्या खिडकीतल्या बाईनं पोत पाहिली, 'विवाहित' लिहिलं आणि फॉर्म सरकवला. "मिस्टरांची सही लागते. त्याशिवाय सुई नाही."

"थे बाहेरगावी हायत," विमलबाई म्हणाल्या. खोटं एकदा सुरू केलं की त्यांना आवरत नसे. "येतीन महिन्याभरात."

"मग महिन्यानं या."

आचलनं पोत काढून आत्याच्या मुठीत दिली. "लग्न झालं नाही माझं. मले कॅन्सर हाय. चोवीस तारखेले केमो हाय. दुसरा फॉर्म द्या, सुई आजच पायजे."

आवाज चढला नव्हता, तरी मागच्या बाकड्यांवरच्या माना वळल्या. बाईनं आधार कार्ड आणि कॅन्सरच्या डॉक्टरची चिठ्ठी पाहिली, पहिला फॉर्म फाडला, दुसरा दिला.

सुनेला घेऊन आलेल्या शेजारच्या चंदाबाई कानाशी लागल्या. "कोनाची वो पोरगी, विमल?"

दूरच्या नात्यातली, हे उत्तर विमलबाईंच्या जिभेवर तयार होतं. समोर आचल खाली मान घालून पानापानावर सह्या करत होती.

"माह्या सख्ख्या भावाची," त्या म्हणाल्या. "कॅन्सरच्या दवाईआधी बीजं ठेवून राहिली. पंधरवडाभर रोज दिसन तुले. रोज नको इचारू."

चंदाबाईंनी सरकून जागा केली. "सुई लय दुखते का वो?"

"पाहून सांगतो."

आतून आचलचं नाव पुकारलं. विमलबाई तिच्याआधी उठल्या.