चिठ्ठ्या काढलेल्या मधमाश्या

मार्चातलं कोवळं, सायीसारखं पातळ ऊन कालव्याच्या उतारावर पसरलं की त्या उन्हात हिची, माझ्या बायकोची, वाकलेली पाठ दिसायची. लंडनजवळच्या स्लाऊ गावातल्या गोदामांमागे, उघड्या मातीत गुडघे टेकलेले, साडीवर माझा जुना कोट, हातात काचेची बाटली, आणि भोवती असा मंद गुंजारव की जणू मातीच पुटपुटते आहे. मला राग यायचा. आठवडाभर हॉस्पिटलात नर्स म्हणून राबायचं आणि सुट्टीला किडे धरायचे!

"अहो, लांब का उभे? गांधीलमाशी नाही ती," सुमन म्हणायची. "ही मधमाशी एकटीच राहते. स्वतःचं बीळ स्वतः खणते. नवरा असतो, पण कामाचा नाही." आणि माझ्याकडे बघून हसायची.

संध्याकाळी खिडकीच्या उतरत्या उजेडात ती एकेक माशी टाचणीवर बसवी, भिंगातून पंखांच्या शिरा, पायांवरची लव न्याहाळून जात ठरवी. एरवी खरबरीत झालेले तिचे हात त्या घटकेला परागासारखे हलके होत. मी कधी जवळ गेलो नाही. चौथी शिकलेल्याला काय कळणार, असं मीच म्हणायचो आणि टीव्ही लावायचो. हा माझा नालायकपणा, दुसऱ्या कोणाचा नाही.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात ती गेली. पेट्या म्युझियमला द्या, एवढं सांगून गेली. द्यायच्या तर नीटनेटक्या, म्हणून मी टाचण्या एकेक करून उपटल्या, माशीखाली खोवलेला नखाएवढा पिवळट कागद ओढून काढला आणि टाचणी परत रोवली. एकाही पंखाला धक्का लागू दिला नाही.

म्युझियमचा माणूस आला, पेटी उघडली आणि थिजला. "सर, लेबलं कुठायत?"

"कचरा होता. टाकला."

"वही वगैरे ठेवली होती त्यांनी?"

नव्हती. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, कुठे, कधी, कुठल्या फुलावर, कोणी धरली, ते त्या कागदावर असतं. त्यावाचून हा नुसता मेलेला किडा. कालव्याचा उतार तर केव्हाच कार पार्कखाली गेला. तिथे ही जात नांदत होती, याचा पुरावा तेवढाच होता. सुमनचं नावही तिथेच होतं. पेट्या त्याने नेल्या नाहीत.

संताप होतो. त्या माणसाच्या मऊ आवाजाचा, डांबर ओतणाऱ्यांचा, या दोन हातांचा. तिचाही. एकदा मानगूट धरून दाखवायचं होतंस ना बाई, ही चिठ्ठी, हे माझं नाव! पण टीव्हीकडे तोंड करून बसलेल्याला दाखवणार तरी काय?

हल्ली ती डोळ्यांपुढे येते, हसते, काहीतरी बोलते. पण ते कुठलं घर, कुठलं साल, हसली कशावरून, काही लागत नाही. काळ माणसाला एकदाच नेतो. मग रोज येऊन उरलेल्या आठवणीखालची चिठ्ठी ओढून काढतो, तीही अगदी हलक्या हाताने.