त्रिकोणबाबाची तिसरी बाजू

सुतारगल्लीतल्या मोठ्या कारखान्यात त्या दिवशी एकही करवत चालत नव्हती, यावरूनच प्रकरण काय थराला गेलं होतं ते ओळखा. लाकडाच्या थप्प्यांवर माणसं, रंधायच्या बाकांवर माणसं, भुशाच्या पोत्यांवर माणसं. मी एकदा शिंकलो, तर पुढच्याचा चष्मा तिसऱ्या रांगेत जाऊन पडला. खोटं वाटत असेल तर चष्मेवाल्याला विचारा. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

समोर उंच पाटावर त्रिकोणबाबा. मांडीवर पितळी नळ्यांचा त्रिकोण उभा धरलेला. कोपऱ्यांत खिळे, वरच्या कोपऱ्यात काचेचा मणी टांगलेला. खालची बाजू लाल मखमलीखाली झाकलेली, तिची नुसती दोन टोकं बाहेर.

"डावी बाजू भूतकाळ, उजवी भविष्यकाळ, आणि वर्तमान माझ्या मांडीवर," बाबा सांगत होता. आवाज तुपात तळून काढलेला. "दोषी माणसाचं नाव आलं की वरचा डोळा उघडतो. नळ्या तेवढ्याच राहतात, कोन मात्र वाढतो. इथे विज्ञानाने हात टेकले आहेत."

विज्ञानाने हात नेमके कुठे टेकले, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

झालं होतं असं, की कारखान्याच्या मालकाचं, म्हणजे आमच्या थोरल्या मेस्त्रीचं, बोट करवतीत गेलं होतं. करवतीचं काही चुकलं असेल, स्वतःचं चुकलं असेल, हा विचार मेस्त्रीच्या वंशात कोणी केलेला नाही. म्हणून बाबाला आणलं. बाबाने घरातली नावं घ्यायला सुरुवात केली. थोरला मुलगा, त्रिकोण गप्प. थोरली सून, गप्प. धाकट्या सुनेचं नाव घेतलं आणि वरचा कोन हळूहळू फाकला. मणी डुलला. अख्खी गर्दी 'हां' म्हणाली.

"हिच्या नजरेत विष आहे," बाबा म्हणाला. "आज दिवस मावळायच्या आत ही घराबाहेर. हिची लेक निर्दोष आहे, ती इथेच राहील."

धाकटी पॉलिशचा बोळा हातात घेऊन उभी होती. आदल्या दिवशी तिने बाबाला एवढंच विचारलं होतं, की मखमल काढून दाखवाल का. आता समजलं, तिच्याच नावाला डोळा कशाने उघडला ते.

"मामंजी," ती म्हणाली, "करवतीवरचं जाळीचं झाकण तुम्ही काढलंत. काम रखडतं म्हणालात. मी बजावलं होतं, बोट जाईल."

"बघा, हीच म्हणाली होती," मेस्त्री गर्दीकडे वळून म्हणाला. "म्हणाली आणि गेलं."

तिचा नवरा खाली मान घालून रंधा पुसत होता. त्या रंध्याला इतकं लाडाने पुसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "माझ्या खुर्चीचा पाय झाला का?"

गणिताच्या बाई. गल्लीतल्या अर्ध्या सुतारांना त्यांनी शाळेत अंगठे धरून उभं केलेलं. मेस्त्री नकळत जागेवरून उठला.

"बाई, आज दुकान बंद. चमत्कार चालू आहे."

"दिसतोय. ए मेस्त्री, फाटकाला तिरकी पट्टी का ठोकतोस तू?"

"फाटक लवंडू नये म्हणून."

"ती ठोकली की का लवंडत नाही?"

"त्रिकोण होतो ना, बाई. चौकट हलते, त्रिकोण हलत नाही. तीन पट्ट्या ठरल्या की कोन जागचा हलायचा नाही."

"मग याचा कसा हलला?"

मेस्त्रीने आधी त्रिकोणाकडे पाहिलं, मग बाबाकडे, मग छताकडे.

"दैवी आहे म्हणून," मेस्त्री चाचरत म्हणाला. "मी स्वतः टेप लावून मोजलंय. आधी आणि नंतर, दोन्ही नळ्या तेवढ्याच."

"कुठल्या दोन?"

"डोळ्याला लागून असलेल्या."

"दार किती उघडलंय हे तू दाराची फळी मोजून सांगतोस, की बिजागरीसमोरची फट मोजून?"

"फट मोजून," मेस्त्री म्हणाला, आणि त्याची नजर मखमलीवर गेली.

"या दोन बाजू तेवढ्याच राहिल्या आणि मधला कोन वाढला, तर समोरची बाजू वाढलेलीच असणार. दुसरा रस्ता नाही."

"तिला हात लावेल तो आंधळा होईल," बाबा गरजला.

"माझे दोन्ही मोतीबिंदू पिकलेत. घाई करायला हवी," बाई म्हणाल्या. "धाकटे, शिकंजा आण."

फळ्या चिकटवताना आवळून धरायचा लोखंडी शिकंजा धाकटीने बाकावरून उचलला. मखमलीला बोटही न लावता बाहेरच्या दोन टोकांना तो अडकवला आणि आवळला. पॉलिशवालीच्या मनगटात किती जोर असतो, हे बाबाला तेव्हा कळलं असावं.

"घ्या आता माझं नाव," ती म्हणाली.

बाबाने नाव घेतलं. मग तिन्ही काळांना हाका मारल्या. कोन ढिम्म. मखमलीखालून नुसती किरकिर, बाबाच्या कपाळावर घाम. शेवटी 'कट्' असा आवाज झाला आणि पितळेची इवलीशी चावी टणटणत मेस्त्रीच्या पायाशी आली.

बाईंनी मखमल ओढली. नळीच्या आत नळी, आत लांब आट्यांचा स्क्रू. अंगठ्याने चावी फिरवली की आतली नळी बाहेर सरकायची. शिकंज्यात असतो तोच आटा, फक्त उलट्या कामाला लावलेला. आणि याला भुलले कोण? रोज शिकंजे फिरवणारे.

"तुमची श्रद्धा कमी पडली," बाबा पुटपुटला.

"श्रद्धेला आटे नसतात," बाई म्हणाल्या.

बाबा असा पळाला, की त्याची सावली दारात अडकून मागे राहिली. आम्ही ती संध्याकाळी झाडून काढली.

"सूनबाई," मेस्त्री घसा खाकरत म्हणाला, "झालं गेलं विसर. आत जा, लेक वाट बघतेय."

"जाते. आधी करवतीचं झाकण बसवा."

"बसवतो ना, उद्या—"

"आत्ता. मी इथे उभी आहे."

नवऱ्याने रंधा खाली ठेवला आणि झाकण शोधायला गेला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं काम.

माझ्या सांगण्यात लाकूड किती आणि भुसा किती ते तुम्ही निवडा. पण तीन काड्या घ्या, टोकाला टोक बांधा, आणि एकाही काडीची लांबी न बदलता एक कोन वाढवून दाखवा. जमलं तर मला थापाड्या म्हणा. नाही जमलं, तर पुढच्या वेळी कोणी तुमच्या घरातल्या बाईकडे बोट दाखवील तेव्हा वरच्या मण्याकडे बघत बसू नका. त्याने झाकलेली बाजू आधी मोजा.