दुसऱ्या बटणामागे

बागेतल्या दोन झाडांना ताणून बांधलेल्या पट्ट्यावरून चालताना शिंपीकाका तेराव्यांदा पडले आणि त्यांच्या सूनबाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो बाबा, पायांकडे काय बघता? पाय कुठे पळून जातायत का?"

"चाळीस वर्षं सुईच्या टोकाकडे बघतोय. मान वरच होत नाही, त्याला मी काय करू?"

पण करणं भाग होतं. महिनाभर दुकानात गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं, आणि अशा पट्ट्यावर चालण्याचा खेळ खेळणाऱ्या क्रीडा मंडळाला तीस विजारी शिवून हव्या होत्या. अध्यक्षांची अट एकच : जो शिंपी स्वतः पट्टा पार करेल, त्यालाच काम. विजारीवर काय काय बेततं, ते त्याला कळायला नको? मुदत रविवारची.

"समोर न हलणारं काहीतरी धरा," सूनबाई म्हणाल्या. "नजर जाईल तिकडे अंग जातं."

न हलणारं आणायचं कुठून? पानं हलत होती, ढग हलत होते. शेवटी पाणीखात्यातले कारकून सापडले. एकोणीस वर्षांत त्यांना जागचं हललेलं कुणी पाहिलं नव्हतं. रविवारी त्यांना खुर्चीसकट उचलून पलीकडच्या टोकाला टेबलावर मांडलं. काकांनी त्यांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणावर नजर रोवली आणि निघाले. काय ती चाल!

दोन पावलं उरली आणि कारकुनांना शिंक आली. बटण तटकन उडालं ते थेट कावळ्याच्या चोचीत. कावळा उडाला. त्याच्यामागे नजर, नजरेमागे काका. पट्टा संपला, बाग संपली, काका आपले हवेतून पावलं टाकताहेत!

"बाबा, खाली बघू नका!" सूनबाई खालून धावत ओरडल्या.

"बघतोय कशाला! बटणाला कुजका दोरा लावलाय मेल्याने!"

कावळा चार मजली इमारतीच्या गच्चीवर बसला. काकाही तिथेच टेकले, आणि मग त्यांनी खाली पाहिलं. पाण्याच्या टाकीला मारलेली मिठी काही केल्या सुटेना.

"काम तुमचं!" रस्त्यावरून अध्यक्ष ओरडले. "मापं घ्यायला खाली या!"

"मापं द्यायला तुम्हीच वर या!"

तीसही खेळाडू जिने चढले. काकांनी एका हाताने टाकी धरून, डोळे आभाळाला लावून मापं घेतली. विजारी झाल्या त्या अशा, की एक पाय घोट्यापर्यंत आणि दुसरा गुडघ्याच्या वर. अध्यक्ष हबकलेच. पण तेव्हापासून मंडळाचा एकही गडी पट्ट्यावरून पडलेला नाही. त्या विजारीत स्वतःच्या पायांकडे बघायची कुणाची छाती आहे? पुढल्या वर्षीच्या साठ विजारीही काकांकडेच आल्या.